मांडव, मेढ आणि मांडणशिल्प

१

‘मांडणशिल्प’ हा शब्द मराठी कलासमीक्षेत गेल्या काही वर्षांत रूढ झाला आहे. ‘इन्स्टॉलेशन’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या कलाप्रकाराला आपण दिलेले हे नाव होय. एखाद्या दालनात, जिन्यावर, वखारीत अथवा मोकळ्या आवारात काही वस्तू, प्रकाश, ध्वनी, पाणी किंवा शब्द अशा रीतीने मांडावयाचे की, प्रेक्षकाने त्या मांडणीच्या बाहेर उभे न राहता तिच्या आत शिरावे, वावरावे, आणि त्या वावरण्यात त्या जागेचे रूपच पालटलेले त्याला जाणवावे, असे या कलेचे स्थूल स्वरूप सांगता येईल. चित्र भिंतीवर लागते, मूर्ती चौथऱ्यावर बसते. मांडणशिल्प मात्र भिंतीला आणि चौथऱ्यालाच कामाला लावते.

या कलेविषयी आपल्याकडील सुशिक्षित वाचकांच्या दोन प्रतिक्रिया सामान्यतः आढळतात. पहिली उपहासाची. मेणाचा ढीग, पाण्याने भरलेली खोली किंवा जिन्यावर पेटलेले दिवे यांना कला का म्हणावे, असा प्रश्न विचारून हे वाचक मोकळे होतात. दुसरी प्रतिक्रिया भीतियुक्त आदराची. मोठ्या शहरांत, परदेशांत हे चालते आहे, थोर थोर मंडळी त्यास मान्यता देत आहेत, तेव्हा आपणास कळत नसले तरी त्यात काही तरी असलेच पाहिजे, असे म्हणून हे वाचक मान डोलावतात. वरवर परस्परविरुद्ध दिसणाऱ्या या दोन्ही वृत्तींत एक साम्य आहे. दोघेही निर्णय टाळतात. बरे-वाईट ठरविण्यासाठी काही कसोटी लागते, आणि ती आपल्यापाशी नाही असे दोघांनीही मनोमन धरलेले असते. ती कसोटी आपल्यापाशी आहे, किंबहुना ती आपल्या अंगणातच पडलेली आहे, असे मला वाटते. तिचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साहित्याला वाहिलेल्या नियतकालिकात या विषयाला स्थान का, अशी शंका कोणी घेईल. तिला दोन उत्तरे आहेत. मराठीत सौंदर्यशास्त्राचा विचार मुख्यतः साहित्यसमीक्षकांनीच केला, हे पहिले उत्तर. पुढे ज्या कलाकृतींचा विचार करावयाचा आहे त्यांतील बहुतेक महत्त्वाच्या कृती शब्दावरच उभ्या आहेत, हे दुसरे.

२

मराठी सौंदर्यविचाराच्या दृष्टीने पहिला प्रश्न उद्भवतो तो माध्यमाचा. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात कलाकृतीच्या घटकांमधील परस्परसंबंधांचा विचार संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वाच्या नियमांनी केला आणि प्रत्येक कलेचे माध्यम कोणते, याविषयी काटेकोर आग्रह धरला. नाद हे संगीताचे माध्यम, रंग हे चित्राचे. या भूमिकेवरून पाहू गेल्यास मांडणशिल्पाची मोठीच पंचाईत होते. एक कलावंत मेण वापरतो, दुसरा विजेचे दिवे, तिसरा समुद्राचे पाणी. ज्या कलेला स्वतःचे असे माध्यमच नाही तिला स्वतंत्र कला कसे म्हणावे?

या आक्षेपाला उत्तर आहे. मेण, दिवे वा पाणी ही या कलेची साधने होत. तिचे माध्यम जागा हे आहे. जागा म्हणजे भूमितीतील पोकळी नव्हे. माणसाच्या शरीराचा आणि भोवतालच्या बांधलेल्या अवकाशाचा जो संबंध, चिंचोळेपणा, उंची, चढ, अंतर, पावलाखालचा स्पर्श, आवाजाचे घुमणे यांतून जो अनुभवास येतो, ती जागा. हे माध्यम वास्तुकलेचेही आहे, हे खरे. तथापि दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. वास्तुकार रिकाम्या भूमीवर बांधतो. मांडणशिल्पकार आधीच बांधलेल्या, आधीच वापरलेल्या, आधीच काही अर्थ धारण करून बसलेल्या जागेत शिरतो. म्हणजे त्याच्या कृतीचे घटक दोन: जागेचा पूर्वीचा अर्थ आणि त्याने केलेली नवी मांडणी. मर्ढेकरांचे संवाद-विरोध-समतोल हे नियम येथे या दोन घटकांमध्ये शोधावयाचे असतात. मर्ढेकरांनी ज्या स्थळी आपल्या सिद्धान्ताची कल्पनाही केली नसेल तेथे तो असा उपयोगी पडतो.

मात्र जागेचा पूर्वीचा अर्थ म्हटला की, इतिहास आला, व्यवहार आला, सत्ता आली. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखविले. मांडणशिल्पाला यांपैकी केवळ अलौकिकाच्या ध्रुवावर राहणे शक्य नाही. जागाच त्याला खाली ओढते. कृतीचे मूल्य मग ठरवावयाचे कशावरून? क्षेमेंद्राने अकराव्या शतकात काव्याच्या संदर्भात औचित्याचा विचार मांडला. अलंकार सुंदर असतो तो योग्य स्थानी असल्यामुळे, हा त्याचा आशय. काव्याच्या बाबतीत स्थान हा शब्द काहीसा लाक्षणिक होता. येथे तो अक्षरशः घ्यावयाचा आहे.

औचित्याच्या या तत्त्वावरून दोन प्रश्न काढता येतात. पहिला: ही मांडणी उचलून दुसरीकडे नेली तर ती तीच राहते काय? तीच राहत असेल तर ती मूर्ती असेल, आरास असेल; मांडणशिल्प नव्हे. दुसरा: मांडणी काढून घेतल्यावर पाहणाऱ्याच्या मनात ती जागा पूर्ववत होते काय? होत असेल तर जागा पालटली नव्हती, केवळ झाकली गेली होती.

३

आता अंगणात येऊ. सातपुड्याच्या पायथ्याशी, नागपूरच्या उत्तरेला, संत्र्यांच्या बागांच्या या पांढुर्णा-सौसर पट्ट्यात ज्याचे बालपण गेले त्याला जागा पालटणे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. लग्नघरी प्रथम मुहूर्तमेढ रोवली जाते. मग चार खांब, त्यांवर जांभळाच्या हिरव्या डहाळ्या. एक वीटही रचलेली नसते. परंतु काल ज्या अंगणात बैल बांधला होता, बाज टाकून म्हातारा बसला होता, तेथे आज माणसे पायांतील वहाणा काढून शिरतात, निराळ्या स्वरात बोलतात, आणि घरचीच मुलगी तेथे पाहुणीसारखी अवघडून बसते. दोन-चार दिवसांत डहाळ्या सुकतात, मांडवपरतणी होते, खांब निघतात. अंगण मोकळे होते. पण त्या घराच्या दृष्टीने ते पूर्वीचे राहत नाही. वीस वर्षांनी त्याच अंगणात मिरच्या वाळवावयास बसलेली आई बोट दाखवून ‘इथं बोहलं होतं’ असे म्हणते. आपला दुसरा प्रश्न येथे सुटला. पहिला तर त्याहूनही सोपा आहे, कारण तो मांडव त्या घराच्या दाराखेरीज अन्यत्र घालण्यात काही अर्थच नव्हता. ‘मांडव’ आणि ‘मांडणे’ हे शब्द व्युत्पत्तीने एक असोत वा नसोत, अनुभवाने ते सख्खे आहेत.

याच्या शेजारी आजच्या ‘लॉन’मधील सजावट ठेवून पाहावी. रेशमी पडदे, कागदी-प्लॅस्टिकची फुले, गोल कमानी, रंगीत दिवे. खर्च मांडवाच्या शतपट. परंतु तीच कमान आज सौसरला उभी असते, परवा पांढुर्ण्याला आणि पुढील मुहूर्ताला काटोलला. ती कोणत्याच जागेची नसते, म्हणून कोणत्याच जागेला पालटू शकत नाही. गणेशोत्सवात एखाद्या प्रसिद्ध मंदिराची हुबेहूब प्रतिकृती उभारतात तिच्यातील कारागिरी नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्या प्रतिकृतीच्या मागे ज्या गल्लीत ती उभी आहे ती गल्ली दहा दिवस नाहीशी होते आणि अकराव्या दिवशी जशीच्या तशी परत येते. झाकणे आणि पालटणे यांतील हा भेद आमच्या भागातील कोणत्याही वृद्धेला सांगता येईल. तिच्यापाशी संज्ञा नाही एवढेच.

सीमेवर राहणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा या भागातील एक दगडही हलला नाही. परंतु कालपर्यंत आमच्या प्रांताची राजधानी असलेले नागपूर एका दिवसात दुसऱ्या राज्यात गेले. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आले, तेव्हाही टेकड्या होत्या तेथेच होत्या. जागेचा अर्थ दगडमातीत नसतो, तो माणसे तिच्याशी जो संबंध मांडतात त्यात असतो, हे आम्ही नकाशावरून शिकलो आहोत. एवढे गाठीशी असताना मांडणशिल्पापुढे दबून जाण्याचे वा त्याला हसण्याचे आम्हांस कारण नाही.

४

प्रत्यक्ष कृतींकडे वळताना एक खुलासा आवश्यक आहे. ग्रंथ पांढुर्ण्याला येतो, संगीताची ध्वनिमुद्रिका येते, चित्राची छापील प्रतही येते. मांडणशिल्प मात्र येत नाही; त्याच्याकडे जावे लागते. पुढील कृतींपैकी काही मी पाहिल्या आहेत. काही छायाचित्रांवरून आणि वर्णनांवरून जाणल्या आहेत. ज्या कृतीचे माध्यम जागा, तिचे छायाचित्र म्हणजे जेवणाची यादी. म्हणून न पाहिलेल्या कृतींविषयीचे माझे मत वाचकांनी तेवढ्या बेताने घ्यावे.

पाहिलेली पहिली कृती अनिश कपूर यांची. १९५४ साली मुंबईत जन्मलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले हे शिल्पकार. २०१० च्या अखेरीस वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत त्यांचे प्रदर्शन भरले. तेथे एका बाजूस तोफ होती. एक मनुष्य लाल मेणाचा गोळा तिच्यात भरी, तोफ उडे आणि गोळा समोरच्या दोन भिंतींच्या कोपऱ्यात जाऊन आपटे. तेथे मेणाचा थर साचत चालला होता. कोपरा म्हणजे घराचे बीज. दोन भिंती भेटल्या की, आसरा सुरू होतो. त्या आसऱ्यावरच हा मारा होता. हीच कृती आदल्या वर्षी व्हिएन्नात मांडली गेली होती. परंतु मुंबईत, नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याला दोन वर्षे होत असताना, त्या लाल कोपऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसांच्या मनात जे आले ते व्हिएन्नात कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. तो अर्थ कलावंताने आणला नव्हता, जागेने पुरविला होता. असे असूनही ही कृती मला थोर वाटली नाही. गोळा सुटण्याची वाट पाहत लोक जत्रेतल्यासारखे ताटकळत होते, आवाज झाला की, मुले टाळ्या पिटीत होती. पहिल्या गोळ्याने हृदय धडधडले. दुसऱ्यानंतर मेणात भर पडली, अर्थात पडली नाही. विस्मय हा रसाचा आरंभ खरा, पण तेथेच जो थांबला तो तमाशगीर झाला.

कपूर यांचीच ‘स्वयंभू’ ही कृती मात्र निराळ्या तोलाची दिसते. २००७ साली फ्रान्समधील नांत येथे आणि त्याच वर्षी म्युनिक येथे, पुढे २००९ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत ती मांडण्यात आली. लाल मेणाचा कित्येक टनांचा ठोकळा रुळांवरून, डोळ्यांना जेमतेम कळेल इतक्या संथ गतीने, एका दालनातून दुसऱ्या दालनात सरकतो. दारांच्या चौकटी त्याला तासतात. त्याला मिळणारा आकार शिल्पकाराने दिलेला नसून इमारतीच्या दारांनी दिलेला असतो, आणि जाता जाता तो प्रत्येक चौकटीवर आपले मेण सोडून जातो. कृतीचे संस्कृत नाव परदेशी प्रेक्षकाला गूढ वाटत असेल; सौसरजवळच्या जामसावळीला जाऊन आलेल्या माणसाला ते परिचयाचे आहे. तेथील पिंपळाखाली निद्रिस्त असलेली हनुमंताची मूर्ती भाविक स्वयंभू मानतात. शेंदराचे थर देणाऱ्या असंख्य हातांपैकी कोणीही तिचा शिल्पकार नाही आणि सगळे आहेत. कपूर यांच्या कृतीत हातांच्या ऐवजी दरवाजे आहेत. म्युनिकची ती इमारत, ‘हाउस डेर कुन्स्ट’, नाझी राजवटीने बांधली व १९३७ साली तिचे उद्घाटन झाले. त्या दारांतून रुळांवरून सरकणारे तांबडे वजन पाहून आगगाडीने छळछावण्यांकडे नेल्या गेलेल्या माणसांची आठवण प्रेक्षकांना व्हावी, हे अपरिहार्य होते. येथे माझ्या पहिल्या प्रश्नात सुधारणा करणे भाग आहे. कृती एका जागेहून दुसरीकडे नेली जाऊ शकते. तेथे ती दुसरी झाली पाहिजे, एवढेच. लॉनमधली कमान सगळीकडे तीच राहते. मेणाचा हा ठोकळा प्रत्येक घरात त्या घराचा होतो.

जितीश कल्लाट यांच्या ‘पब्लिक नोटिस ३’ या कृतीत वास्तू, इतिहास आणि शब्द यांची गाठ पडली आहे. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत पहिले भाषण केले, ते आजच्या ‘आर्ट इन्स्टिट्यूट’च्या इमारतीत. त्याच दिनांकाला २००१ साली न्यूयॉर्कचे मनोरे पाडण्यात आले. ११ सप्टेंबर २०१० रोजी कल्लाट यांनी त्या इमारतीच्या भव्य जिन्याच्या ११८ पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर ते भाषण दिव्यांच्या अक्षरांत लिहिले. अक्षरांना रंग पाच: हिरवा, निळा, पिवळा, नारिंगी, तांबडा. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने दहशतवादी धोक्याची पातळी दर्शविण्यासाठी हेच पाच रंग ठरविले होते. सहिष्णुतेचे भाषण संशयाच्या रंगांत वाचावे लागते, असा हा विरोध आहे. आणि विरोधातून समतोल साधणारी गोष्ट म्हणजे जिना. वाचण्यासाठी चढावे लागते. पुस्तकाचे पान उलटताना ज्याचा श्वास कधी वाढला नाही त्याला येथे वाक्य संपेतो दम लागतो.

आपल्या मनात येथे एक खटका उमटतो. अक्षराला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. मग पायऱ्यांवर भाषण कसे? अक्षरे पायरीच्या उभ्या अंगावर आहेत, पाय पडतो तो आडव्या अंगावर, हे तांत्रिक उत्तर झाले. खरे उत्तर पंढरपुरात आहे. विठ्ठलाच्या महाद्वारी नामदेवांनी पायरीची जागा मागून घेतली ती भक्तांचे पाय लागावेत म्हणून, असे वारकरी मानतात. पायरी होणे हा आपल्या परंपरेत अपमान नाही. म्हणून शिकागोच्या जिन्याचा अर्थ मराठी वाचकाला कदाचित शिकागोकराहूनही जवळचा वाटेल. या कृतीवर माझा एक आक्षेप मात्र आहे. ते पाच रंग १९११ वा १९५० साली कोणास ठाऊक नव्हते, आणि अमेरिकन सरकारने २०११ साली ती पद्धतच बंद केली. पुढील पिढीच्या प्रेक्षकाला तळटीप दिल्यावाचून निम्मा अर्थ हाती लागणार नाही. प्रासंगिक संदर्भावर भिस्त ठेवणाऱ्या कवितेचे जे होते तेच येथे संभवते. जिना आणि भाषण टिकतील. रंग केवळ रंग उरतील.

अशी तळटीप ज्या कृतीला लागत नाही ती मी २०१७ च्या आरंभी कोचीला पाहिली. कोचीच्या तिसऱ्या द्वैवार्षिक प्रदर्शनाचे संयोजन मुंबईचे कलावंत सुदर्शन शेट्टी यांनी केले होते आणि त्यांनी अनेक कवींना पाचारण केले होते. त्यांपैकी एक चिली देशाचे राऊल झुरिता. १९७३ साली चिलीत लष्करी उठाव झाला तेव्हा या तरुण कवीला पकडून जहाजाच्या तळघरात कोंडण्यात आले होते. पुढे १९८२ साली विमानांच्या धुराने न्यूयॉर्कच्या आकाशात आणि १९९३ साली वाळवंटाच्या भूमीवर त्यांनी आपले शब्द लिहिले. कोचीत त्यांना मिळाली ॲस्पिनवॉल हाउस या जुन्या व्यापारी पेढीची समुद्रकाठची वखार. तिच्यात त्यांनी समुद्राचे पाणी भरले. बाजूच्या भिंतींवर थोडे थोडे प्रश्नार्थक शब्द आणि अगदी टोकाच्या भिंतीवर कविता. ती वाचावयाची तर वहाणा काढून, कपडे वर धरून, पाण्यातून पलीकडे जावे लागे.

‘वेदनेचा समुद्र’ असे त्या कृतीचे नाव. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पडलेल्या आलान कुर्दी या सीरियन बालकाचे छायाचित्र सर्व जगाने पाहिले. त्याच रात्री त्याचा पाच वर्षांचा भाऊ गालिब हाही बुडाला होता. त्याचे छायाचित्र जगाने पाहिले नाही. झुरितांची कविता या दुसऱ्या मुलासाठी होती. ज्याचे चित्र नाही त्याच्यासाठी चित्र न काढता जागा करून दिली, या निवडीतच कलावंताची शुचिता दिसते. पाणी पोटरीपर्यंतच होते. बुडण्याचे भय नव्हते. सोबतच्या काही तरुणांनी पाण्यात उभे राहून आपापली छायाचित्रे घेतली, तेही मी पाहिले. तरीही टोकाच्या भिंतीपाशी पोहोचेपर्यंत बहुतेकांचे बोलणे थांबत होते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या आणि तरल्या, ही कथा आपण जाणतो. तेथे शब्द पाण्यात आहे आणि कवी काठावर. कोचीच्या वखारीत शब्द कोरडा होता आणि वाचक पाण्यात होता. परत फिरताना तेच पाणी पुन्हा ओलांडावे लागे, आणि कविता वाचून झाल्यानंतरची ती वाट जातानाच्या वाटेहून लांब वाटे. ज्या समुद्राने मिरी-मसाल्याचा पैसा त्या वखारीत आणला तो समुद्र आता हिशेब मागावयास आत आला होता. माझे दोन्ही प्रश्न येथे निरुत्तर झाले, कारण उत्तर विचारण्यापूर्वीच मिळाले होते.

शेट्टी यांच्या स्वतःच्या ‘शून्य घर’ (२०१६) या कृतीचा उल्लेख येथे करणे योग्य होईल. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ती मांडली गेली. ओसाड खाणीत वास्तूचे भाग उभे राहतात, त्यांत माणसे वावरतात आणि पुन्हा ते भाग सुटे होतात, असा तिच्यातील चित्रपटाचा विषय. तिचे नाव ज्या पदावरून आले ते गोरखनाथांचे म्हणून प्रसिद्ध असलेले निर्गुणी पद मध्यप्रदेशातील मराठी श्रोत्यांच्या कानांत देवासच्या कुमार गंधर्वांच्या आवाजात घुमत राहिलेले आहे. वास्तू ही वस्ती होण्यापुरतीच वास्तू असते, एरव्ही शून्य, हा त्या पदाचा भाव. परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर कुमारांचा स्वर ते शून्य काही मिनिटांत जितके बांधतो आणि मोडतो तितके चित्रपट आणि लाकूडकाम मिळून साधू शकेल की नाही, याविषयी मी साशंक आहे.

५

येथवर आलेल्या दोन प्रश्नांवर थांबता आले असते तर बरे झाले असते. पण ज्या गावात मी हा लेख लिहीत आहे ते गाव मला थांबू देत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि त्याला झेंडा बांधतात. नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. मग दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. गोटमार ती हीच. झेंडा तोडून चंडीमातेच्या मंदिरात नेईपर्यंत, अथवा दिवस मावळेपर्यंत, ती चालते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत. पोळ्यानंतर शाळा भरली की, डोक्याला पट्टी बांधलेली मुले वर्गात बसलेली मी वर्षानुवर्षे पाहतो, आणि त्यांच्या डोळ्यांत वेदनेपेक्षा अभिमान अधिक असतो, हेही पाहतो.

आपले दोन प्रश्न या पळसाला लावून पाहावेत. तो दुसरीकडे नेऊन रोवला तर तोच राहील काय? मुळीच नाही, जाम नदीच्या त्या पात्राबाहेर तो एक वाळते झाड आहे. तो काढल्यावर जागा पूर्ववत होते काय? होत नाही, वर्षभर त्या पुलावरून जाणारा प्रत्येक माणूस नकळत पात्राकडे पाहतो. एक झाड रोवून गावाची नदी रणभूमी होते, शेजारी शत्रू होतो, पायाखालचा गोटा शस्त्र होतो. जागा पालटणे हेच जर या कलेचे सर्वस्व असेल तर कपूर, कल्लाट, झुरिता या सर्वांनी या पळसापुढे हात टेकावेत. अर्थात कसोटी अपुरी आहे. पालटण्याचे सामर्थ्य हे सामर्थ्य आहे. अद्याप ते मूल्य नव्हे.

तिसरा प्रश्न म्हणून विचारला पाहिजे: पालटलेल्या जागेत माणसाचे काय होते? शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ (१९७८) या ग्रंथात साहित्यमूल्याचा विचार करताना ‘मानुषता’ हा शब्द मध्यवर्ती ठेवला. तोच येथे हाती घ्यावा लागतो. गोटमारीच्या पात्रात पाहणारा असा कोणी उरत नाही. एक तर तो दगड फेकणारा असतो किंवा दगडाचे लक्ष्य असतो. पळसाला पळस म्हणून कोणीही पाहत नाही. कोचीच्या पाण्यात मात्र माणूस थांबू शकत होता, मागे फिरू शकत होता, आणि जो पुढे गेला तो दुसऱ्याच्या मुलासाठी पुढे गेला. मांडव पाहुण्याला आत घेतो. त्यात उभा राहणारा वरपक्षाचा असो वा वधूपक्षाचा, तो मांडवाखालचा होतो. ज्या जागेत माणसाला थांबण्यापुरती आणि दुसऱ्यासाठी सरकण्यापुरती मोकळीक उरते ती जागा पालटलेली आणि मानुष होय. कपूरांची तोफ मला का उणी वाटली याचेही उत्तर आता मिळते. तिच्यासमोर थांबता येत होते, पण केवळ पुढच्या गोळ्यासाठी.

मध्यंतरी प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोक पुन्हा दगडांकडे वळले. हेतू उत्तम होता. परंतु साधन बदलले की, अर्थ बदलतो असे मानण्याची चूक त्यात झाली. जागेची मांडणी तीच होती: दोन काठ, मध्ये झेंडा. तिच्यापुढे चेंडू हास्यास्पद ठरावा यात नवल नाही.

आणि त्या मांडणीच्या मुळाशी काय आहे? लोक सांगतात ती कथा प्रेमाची आहे. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला, नदीच्या मध्यावर दोघे सापडली, दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघे तेथेच गेली. कथेचा खरेखोटेपणा इतिहासकारांनी पाहावा. माझ्यासारख्या मांडवाच्या प्रदेशातील माणसाला तिच्यात एक गोष्ट स्पष्ट दिसते. पात्रात दरवर्षी रोवला जाणारा तो पळस, दुसरे काही नसून, कधीच न घातल्या गेलेल्या मांडवाची मेढ आहे. मेढ आम्ही पिढ्यानपिढ्या रोवीत आलो. तिच्यावर डहाळी टाकावयाची तेवढी राहून गेली.

ही डहाळी कोणत्या रूपाने यावी, हे सांगणे समीक्षकाचे काम नव्हे आणि मुख्याध्यापकाचे तर नव्हेच. ते कलावंताने सांगावे, आणि तो मुंबईहून वा कोचीहून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जांभळाच्या फांद्या तोडावयास उंच झाडावर चढणारी, चार खांबांवर त्या तोलून टाकणारी आणि मग खाली उतरून मान वर करून आपले काम निरखणारी पोरे आमच्या गावांत अजून आहेत. त्यांतील काहींच्या कपाळावर गोटमारीचा व्रणही आहे. जागा कशी पालटते हे दोन्ही रीतींनी शिकलेला असा विद्यार्थी दुसऱ्या कोणत्या कलाशाळेला मिळाला असेल, असे मला वाटत नाही.